वहीतले आकडे आधी वाचा

प्रश्न : माझं शिरोलीत छोटं मशिनशॉप आहे. मुलगा नववीत आहे, गणितात ६८ आणि विज्ञानात ७४ गुण. त्याला रोबोटचा नाद लागलाय. आर्डुइनो ऊनो हा रोबोट चालवणारा छोटा बोर्ड, चाकांच्या दोन छोट्या बीओ मोटरी, मोटरींना करंट देणारा एल२९८एन ड्रायव्हर आणि नऊ व्होल्टची बॅटरी असं किट घेऊन दिलं. मोटरी सुरू झाल्या की बोर्ड बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. तीन आठवडे हेच चाललंय. दुकानदार म्हणतो, ऊनो जुना झाला, ईएसपी३२ नाहीतर रास्पबेरी पाय घ्या. मला वाटतं, एकदाच भारी बोर्ड घेऊन टाकावा. मुलगा मात्र नवे सेल मागतो. मी म्हटलं, आधी चालवून दाखव. परवा माझा मल्टीमीटर न विचारता नेऊन विज्ञानाच्या वहीत ९.१, ६.३, ५.४ असले आकडे लिहीत बसला होता. मीटर काढून घेतला. पंधरा दिवसांत रोबोट फिरला नाही तर किट दहावी होईपर्यंत माळ्यावर टाकणार आहे. मला इंजिनिअर होता आलं नाही, त्याने व्हावं एवढीच इच्छा. कोणता बोर्ड घेऊ?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी त्या तीन आकड्यांपाशी थांबले. ९.१, ६.३, ५.४. ते काय आहेत हे तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. मला ते बॅटरीचे व्होल्ट वाटतात : मोटरी बंद असताना, एक सुरू केल्यावर आणि दोन्ही सुरू केल्यावर. तसं असेल तर तुमच्या मुलाला दोष सापडलेला आहे. त्याने मोजलं, लिहून ठेवलं, त्यावरून सेल बदलायला हवेत असं ठरवलं आणि तुमच्याकडे सेल मागितले. इंजिनिअर याहून वेगळं काय करतो? आणि त्याच संध्याकाळी तुम्ही त्याच्या हातातून मीटर काढून घेतलात. न विचारता हत्यार नेलं म्हणून रागावणं मला समजतं, शॉपमध्ये ती शिस्त लागतेच. पण रागावून झाल्यावर वही बघायची राहिली, याचं मला फार वाईट वाटलं.

आता बोर्ड का बंद पडतो ते. तुम्हाला हे समजवायला मला फार शब्द लागणार नाहीत. शॉपमधली मोठी मोटर तुम्ही थेट सुरू करत नाही, सुरुवातीचा करंट आवरणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावता. कारण सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि लाइन कमजोर असेल तर ट्यूब मंद होतात. मुलाच्या मोटरी डीसी आहेत, चिमुकल्या आहेत, पण थांबलेल्या अवस्थेतून निघताना त्याही असाच हिसका देतात. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थोड्या करंटच्या कामासाठी बनलेली असते. पुष्कळशा मल्टीमीटरमध्ये तीच असते, बहुधा तुमच्याही. दोन मोटरींचा हिसका तिला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, बोर्डाला लागणारे पाच व्होल्ट मिळेनासे होतात आणि ऊनोवरची चिप स्वतःला रीसेट करते.

म्हणजे ‘बोर्ड भारी घेतला की रोबोट चालेल’ हा समज इथे उलटा पडेल. ऊनोचा वेग १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. तुमच्या रोबोटचं चाक सेकंदाला तीन-चार फेरे घेतं. या कामाला ऊनो कमी पडलेला नाही आणि पडणारही नाही. ईएसपी३२ २४० मेगाहर्ट्झचा आहे, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ आहे, पण वायफाय चालू झालं की तोही करंटचा हिसका देतो. पुरवठा कमजोर असेल तर ‘ब्राउनआउट’ असा संदेश देऊन तोही रीसेट होतो. शिवाय त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ऊनोला जोडलेला पाच व्होल्टचा सेन्सर तसाच जोडला तर पिन जळू शकते. रास्पबेरी पाय तर पूर्ण संगणक आहे, त्यावर लिनक्स चालतं. पाय ४ ला ५ व्होल्टला ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. तुमच्याकडच्या बॅटरीवर तो सुरूसुद्धा होणार नाही. तुम्ही हजारो रुपये घालाल, तोच दोष तसाच राहील, आणि घरात म्हटलं जाईल की एवढा महागाचा बोर्ड दिला तरी पोराला जमलं नाही. मला भीती आहे ती या वाक्याची.

तर कोणताही बोर्ड घेऊ नका. १८६५० या मापाचे दोन चांगले लिथियम सेल, त्यांचा होल्डर आणि त्यांचाच चार्जर घ्या. दोन मिळून ७.४ व्होल्ट होतात. एल२९८एन स्वतः दोनेक व्होल्ट खातो, म्हणून त्याहून कमी नको. हे सेल शॉर्ट झाले तर पेट घेऊ शकतात, तेव्हा पहिली जोडणी त्याच्या शेजारी बसून करा आणि बॅटरी, ड्रायव्हर, बोर्ड यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकत्र जोडलेत का ते दोघांनी बघा. ईएसपी३२ घ्यायची वेळ येईल, पण ती त्याला रोबोट मोबाइलवरून चालवावासा वाटेल तेव्हा. कॅमेऱ्याने वस्तू ओळखायची हौस आली की पायचं बघू. मागणी त्याच्याकडून येऊ द्या.

पंधरा दिवसांची मुदत मात्र मला पूर्णपणे चुकीची वाटते. तुमच्या शॉपमध्ये नवीन पोरगं आलं की किती टूल मोडतं? तुम्ही त्याला पंधरा दिवसांत घरी पाठवता का? परक्याच्या मुलाला जेवढी सवलत देता तेवढी स्वतःच्या मुलाला द्यायला आपण तयार नसतो, कारण त्याच्यात आपलं काहीतरी राहिलेलं असतं. ‘मला इंजिनिअर होता आलं नाही’ हे तुमचं दुःख खरं आहे, मी ते हलकं लेखत नाही. पण ते चौदा वर्षांच्या मुलाच्या टेबलावर ठेवलंत तर प्रत्येक रीसेट त्याला तुमचा पराभव वाटेल. मग तो मोजायचं सोडेल आणि चाललं असं दाखवायला शिकेल.

‘नाद’ हा शब्द तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलाय. कोल्हापुरात राहून! इथे तालमीचा, बैलांचा, इंजिनांचा नाद असलेल्या माणसांकडे लोक मानाने बघतात.

गुणांची काळजी आत्ता करू नका. दहावीनंतर अकरावी-बारावी सायन्स करून सीईटी किंवा जेईई, नाहीतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांचा डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, दोन्ही वाटा त्याला मोकळ्या आहेत. हाताने काम करत शिकणाऱ्या मुलांना डिप्लोमा जास्त मानवतो असं मी पाहिलंय. पण ते दहावीत बोलू, तेव्हा त्यालाही सोबत घेऊन या.

या रविवारी त्याला शॉपमध्ये न्या. स्टार-डेल्टा स्टार्टर उघडून दाखवा, तो का लावतात ते सांगा आणि मग त्याला त्याचे आकडे समजावून सांगायला लावा. मीटर परत द्या, मुदत मागे घेतली हे तोंडाने सांगा. त्याच्यासाठी माझा एक निरोप : नवे सेल लावल्यावर तेच तीन आकडे पुन्हा घे आणि जुन्यांच्या शेजारीच लिही. जुने खोडू नकोस.