स्वयंसेवी संस्थेत प्रकल्प समन्वयक पदाची मुलाखत आहे, तयारी कशी करावी?

आपण इंदूरला एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) केले आहे, त्यानंतर दोन वर्षे एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीचे काम पाहिले आहे, आणि आता मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात बालपोषणावर काम करणाऱ्या संस्थेकडून मुलाखतीचे बोलावणे आले आहे, तर तयारी कुठून सुरू करावी, असे आपण विचारले आहे. मी इंदुरातच राहतो, याच क्षेत्रात काम करतो आणि अलीकडे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसण्याचे काम बऱ्याचदा माझ्याकडे येते. तिथून जे दिसते, त्याच्या आधारे लिहितो.

'या क्षेत्रात का यायचे आहे?' हा प्रश्न हमखास येतो आणि 'लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' हे उत्तरही तितकेच हमखास येते. ते खोटे असते असे नाही, परंतु त्यावरून पॅनेलला उमेदवाराविषयी काहीच कळत नाही. आवड आहे म्हणूनच अर्ज केला, हे गृहीत धरलेले असते. पाहायचे असते ते हे, की या व्यक्तीने काम जवळून पाहिले आहे की केवळ त्याविषयी वाचले आहे. महिला बचत गटांसोबत काम केल्याचे सांगणाऱ्या एका उमेदवार मुलीला आमच्या एका सहकाऱ्यांनी इतकेच विचारले, की बैठक किती वाजता भरायची? तिने क्षणभरही न थांबता सांगितले, की एरवी दुपारी, पण कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतर, कारण बायका अंधार पडल्यावरच घरी परततात. आणि दिवाळीनंतर निम्म्या बायका मजुरीसाठी गुजरातेत गेल्या की कोरमच पूर्ण होत नसे, म्हणून गटाने बचतीच्या तारखाच बदलून घेतल्या होत्या. त्यानंतर 'सक्षमीकरण म्हणजे काय' हे तिला कोणी विचारले नाही.

म्हणूनच आपला वसुलीचा अनुभव झाकून ठेवू नये, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. साप्ताहिक बैठक कशी चालते, हप्ता कोणत्या महिन्यांत थकतो, घरातले आजारपण कर्जाच्या वहीत कसे उमटते, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. मात्र तेच अनुभव कुटुंबाच्या बाजूने सांगावेत. 'टार्गेट' आणि 'रिकव्हरी' हे शब्द तोंडातून वारंवार निघू लागले, तर समोरच्यांना शंका येते आणि ती रास्तही असते.

वाचनाला बसाल तेव्हा संस्थेच्या वार्षिक अहवालातील छायाचित्रांपेक्षा त्यातील हिशेबाच्या पानांवर अधिक वेळ घालवावा. पैसा कुठून येतो, यावर समन्वयकाचे अर्धे काम ठरते. परदेशी देणगी असेल तर २०१० चा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी असेल तर तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा, म्हणजे पात्र कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करण्याच्या तरतुदीतून आलेला असतो, आणि त्याचा अहवाल बहुधा दर तिमाहीला मागितला जातो. कलमांचे आकडे कोणी पाठ म्हणून घेत नाही. परंतु 'प्रशिक्षणाच्या शीर्षाखालचे पैसे उरले आणि प्रवासखर्च संपला, तर काय कराल?' असा प्रश्न नक्की येऊ शकतो, आणि निधी देणाऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय पैसे वळवणार नाही, हे उत्तर देताना त्यामागचे कारणही आपल्याला ठाऊक असायला हवे.

विषयाची तयारी कागदावर थांबू देऊ नये. पोषणाच्या पदासाठी एका पॅनेलने दंडघेर मोजायची रंगीत पट्टी टेबलावर ठेवून 'ही कशी वापराल?' असे विचारलेले मी पाहिले आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम, एवढे उमेदवार सांगतात. पट्टी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, फार न आवळता लावायची, हे मात्र थोडेच सांगतात. जवळच्या अंगणवाडीत एक सकाळ बसून सेविकाताईंकडून हे शिकून घेता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) जिल्हावार तक्ते उपलब्ध आहेत, त्यांतला बडवानीचा तक्ता अवश्य पाहावा. राज्यात पाच वर्षांखालील खुज्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) बालकांचे प्रमाण चौथ्या फेरीतील ४२ टक्क्यांवरून ३५.७ टक्क्यांवर आले, हे वाचून 'परिस्थिती सुधारली' एवढेच म्हणून थांबू नये. आपल्या जिल्ह्याचा आकडा राज्याच्या आकड्याशेजारी ठेवून बोलावे.

मुलाखत बहुधा हिंदीत होईल, अहवाललेखनाची लहानशी चाचणी इंग्रजीत असू शकते. बडवानीच्या गावांत बारेली आणि निमाडी चालते. येत नसेल तर येत नाही असे सांगावे. मराठी मात्र अर्जात जरूर लिहावी, कारण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या पानसेमल-खेतिया पट्ट्यात तिचा उपयोग होतो आणि इंदूरचे आपले लोक नेमकी हीच गोष्ट लिहायला विसरतात. राहणार कुठे, हेही विचारतील. बडवानी इथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे, तेव्हा 'इंदूरहून ये-जा करीन' हे उत्तर मुलाखत तिथेच संपवणारे आहे. दुचाकीचा परवाना असल्यास तसे आपणहून सांगावे.

शेवटी 'आपल्याला काही विचारायचे आहे का?' असे म्हणतील, तेव्हा 'नाही' म्हणू नये. प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे आणि त्यानंतर पदाचे काय होते, हे सर्वांत आधी विचारावे, कारण अशा बहुतेक नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेल्या असतात. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, क्षेत्रभेटीचा प्रवासभत्ता आगाऊ मिळतो की बिले दिल्यावर, दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत समिती संस्थेत आहे का, हे प्रश्नही उद्धटपणाचे नाहीत. चांगल्या संस्थेला ते आवडतात, आणि जिला आवडत नाहीत तिच्याविषयी आपल्याला वेळीच कळते. पगाराची अपेक्षा विचारल्यास 'आपण द्याल ते' असे म्हणू नये. त्या पदाचा आकडा प्रकल्पाच्या बजेटमध्ये आधीच मंजूर झालेला असतो, तेव्हा तो किती आहे ते सरळ विचारावे आणि सध्याच्या कंपनीतील नोटीस पिरियड धरून रुजू होण्याची तारीख सांगावी.