ट्रायलला जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

‘तीन वर्षं जिल्ह्याकडून मिडफिल्ड सांभाळली, आता परत ट्रायल कसली?’ हे तुझं वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. खरं सांगू, रागच आला.

स्कॉटलंडचा फुटबॉलपटू पॉल लॅम्बर्ट बघ. १९८७ साली सेंट मिरन क्लबकडून स्कॉटिश कप जिंकला तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा. १९९६ मध्ये मदरवेलचा करार संपला. घरी पदक असलेला हा गडी हॉलंडला पीएसव्हीकडे ट्रायलला गेला. जमलं नाही. मग जर्मनीत डॉर्टमुंड क्लबकडे गेला, पुन्हा ट्रायल! वर्षभरात म्युनिकला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची फायनल, समोर युव्हेंटस, आणि झिदानला धरायचं काम याच्याकडे. गोल त्यानं केला नाही. झिदानला मोकळीक दिली नाही, साथीदार रीडलेच्या पहिल्या गोलचा क्रॉस मात्र याचाच. डॉर्टमुंड ३-१. ट्रायलला जा म्हणतोय ते यासाठी.

प्रशिक्षक झाल्यावरही तेच. लिव्हिंग्स्टन क्लबला काही महिन्यांत राजीनामा द्यावा लागला, तर इंग्लंडच्या लीगमधल्या चौथ्या पायरीवरचा विकम संघ धरला. तिथून चेल्सीविरुद्ध लीग कपची सेमीफायनल! २००९ मध्ये कोलचेस्टर संघाला घेऊन नॉर्विचच्या घरात ७-१ मारले. दहा-बारा दिवसांत नॉर्विचनंच त्याला उचललं. दोन वर्षांत दोन बढत्या, थेट प्रीमियर लीग, तिथली सगळ्यात वरची पायरी. पुढे अ‍ॅस्टन व्हिला क्लबनं काढलं, त्याच्या हाताखाली स्टोक संघ खालच्या पायरीवर घसरला, तेही खरंच. देव नाही तो. पण पायरी खालची आहे म्हणून अडून बसला नाही.

मी बसलो. मुंबईच्या एका नोकरी देणाऱ्या संघाचं पत्र आलं होतं, ‘ट्रायलला या’. मला कशाला ट्रायल, म्हणून गेलो नाही. आई आजारी होती असं सगळ्यांना सांगत आलो. होतीही. पण दोनच दिवसांचा प्रश्न होता. अर्थात तेव्हाचे पैसे, तेव्हाच्या गाड्या, घरात मी एकटा कमावता... जाऊ दे, तुला नाही कळायचं. पत्र अजून ट्रंकेत आहे.

तेव्हा ट्रायलला जा. मिडफिल्ड सोडून मागे बचावात स्टॉपर खेळवला तरी खेळ, बाकावर बसवलं तरी बस, तोंड वाकडं करू नकोस.

रविवारी सातला मैदानावर पोच. आणि माझे शिनगार्ड तुझ्याकडेच आहेत, ते घाल.

तुझा,
काका