विचारा, सांगतो: गावाचं नेट

टेकडीवरून गावापर्यंत 5 किलोमीटरची वायरलेस लिंक टाकली आहे. दुर्बिणीतून समोरची डिश स्वच्छ दिसते. तरी झाडांना पालवी फुटली की स्पीड निम्म्यावर येतो. रेडिओ (लहरी पाठवणारं-घेणारं यंत्र) बदलावा का?

रेडिओ राहू द्या, आधी मधली झाडं बघा. डोळ्याला दिसते ती सरळ रेघ. लहरींना मात्र तिच्याभोवती जागा लागते, आकार लांबट फुग्यासारखा, मध्यावर सगळ्यात जाड. याला फ्रेनेल झोन म्हणतात. 5.8 गिगाहर्ट्झच्या 5 किलोमीटर लिंकवर मध्याशी त्याची त्रिज्या साधारण 8 मीटर असते. त्यातली 60 टक्के, म्हणजे रेघेच्या चारी बाजूंना सुमारे 5 मीटर, तरी मोकळी हवी. तुमच्या रेघेखाली दोन मीटरवर शेंडे असतील, तर दुर्बीण ‘मोकळं आहे’ म्हणेल आणि लिंक रडेल. पावसाला उगाच दोष लागतो. या बँडवर एवढ्या अंतरात पाऊस फारसं बिघडवत नाही, भिजलेली पानं बिघडवतात. खांब तीन-चार मीटर उंच करा, नाहीतर डिश दुसऱ्या उंच छपरावर न्या.

त्याआधी एक हिशोब मात्र करून बघा. रेडिओची पॉवर 20 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि दोन्हीकडच्या डिश 25 डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) असतील, तर या अंतरावर सिग्नल उणे 52 डीबीएमच्या आसपास यायला हवा. झाडं निष्पर्ण असतानाही उणे 70, म्हणजे खूपच क्षीण, येत असेल, तर डिशचं तोंड चुकलंय. बहुतेक वेळा असं होतं की मुख्य झोताऐवजी बाजूचा छोटा झोत सापडतो आणि माणूस ‘मिळाला सिग्नल’ म्हणून तिथेच बोल्ट आवळतो. एका वेळी एकच डिश हलवा. आडवी पूर्ण फिरवून सगळ्यात वरचा आकडा शोधा, मग उभी, मग पलीकडची डिश. बोल्ट आवळल्यावर आकडा पुन्हा वाचा, कारण आवळताना डिश हमखास सरकते.

मनोऱ्यावरचा रेडिओ रात्री अनेकदा बंद-चालू होतो. सोलरची बॅटरी 12 व्होल्टची, केबल 60 मीटर.

यात केबलच व्होल्ट खाते आहे. चांगल्या तांब्याच्या कॅट-5ई (नेटवर्कच्या नेहमीच्या) केबलमधून जायला दोन आणि यायला दोन तारा वापरून वीज पाठवली, तर 60 मीटरला जाऊन-येऊन सुमारे 5 ओहम रोध येतो. 10 वॉटचा रेडिओ 12 व्होल्टवर 0.8 अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो, म्हणजे चार व्होल्ट वाटेतच गेले. रात्री बॅटरी उतरली की रेडिओ मान टाकतो. खाली 12 चे 24 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा. प्रवाह निम्मा होतो आणि गळती दोन व्होल्टवर येते. रेडिओ 24 व्होल्ट झेलतो की 48, हे त्याच्या लेबलवर वाचल्याशिवाय जोडू नका. केबल तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची निघाली, तर फेकून द्या. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो, आणि उन्हापावसात तिचे जोड लवकर कुजतात.

बॅटरीही मोजून घ्या. सगळं मिळून 20 वॉट धरले, तर दिवसाला 480 वॉट-तास, म्हणजे 40 अँपिअर-तास लागतात. दोन ढगाळ दिवस निभवायचे आणि लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, तर 160 अँपिअर-तास हवेत.

40 घरांना मिळून 100 एमबीपीएसची लाइन आहे. संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतात. मोठी लाइन घ्यावी का?

कधीतरी घ्यावी लागेलच, पण आधी रांग सुधारा. कोणीतरी मोठी फाइल उतरवतो, पुढच्या उपकरणात डेटाची रांग साचते आणि कॉलची छोटी पाकिटं त्यामागे अडकतात. मुख्य राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल (रांगेत सगळ्यांना वाटा देणाऱ्या सेटिंग) चालू करा आणि मर्यादा 90 ते 95 एमबीपीएसला बांधा, म्हणजे रांग तुमच्याच राउटरवर राहते. अपलोडलाही तशीच मर्यादा घाला. ती बहुतेक जण विसरतात.

फायबर टाकली, सगळी घरं चालू झाली, एकाच घरात लाल दिवा.

कनेक्टरचा रंग बघा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. रंग जुळत असतील, तर टोक अल्कोहोलने पुसून पॉवर मीटर लावा. जीपॉन उपकरणाला (घरातल्या फायबरच्या डब्याला) उणे 27 डीबीएमपेक्षा क्षीण प्रकाश पुरत नाही, उणे 25 च्या वर ठेवलेला बरा. तेवढाही येत नसेल, तर कुठेतरी केबल घट्ट वळली आहे. खिळा मारलेली जागा आधी शोधा.

हे सगळं गावाने मिळून चालवायचं, तर जबाबदारी कशी वाटावी?

इंग्लंडच्या लँकेशरमधल्या ‘बी-फोर-आर-एन’ या गावकऱ्यांच्या फायबर नेटमध्ये गावकऱ्यांनी स्वतः चर खणले आणि शेतकऱ्यांनी शेतातून फुकट वाट दिली. खणायला माणसं जमतात. दोन वर्षांनी रात्री मनोऱ्यावर चढायला कोण जाणार, हे मात्र आधीच लिहून ठरवा. एक रेडिओ सेटिंग भरून कपाटात तयार ठेवा, आणि राउटरचा पासवर्ड कमीत कमी दोघांकडे असू द्या.