आज लाल की हिरवा?

"मॅडम, मी नियमित व्यायाम करतो. तरी माझीच कंबर का दुखावी? आणि आता व्यायाम सोडावा लागणार का, तेवढं स्पष्ट सांगा."

जुनाट दुखण्यांच्या समुपदेशनात हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. विचारणारे बहुतेक पस्तीस ते पन्नाशीतले असतात. दिवसभर खुर्चीत आणि उरलेल्या वेळात धावणारे, सायकल चालवणारे, वजनं उचलणारे. ज्यांनी कधी व्यायामच केला नाही, त्यांना निदान बोट ठेवायला कारण तरी सापडतं. यांना मात्र दगा झाल्यासारखं वाटतं. इतकी काळजी घेतली आणि शरीर उलटलं, ही खंत मला कळते, आणि म्हणूनच ही हकिकत लिहावीशी वाटली. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक गृहस्थ, वय ४१. हिशेब विभागात जबाबदारीचं पद, रोज नऊ-दहा तास संगणकासमोर. आठवड्यातून तीनदा धावणं, दोनदा जिम. सात महिन्यांपूर्वी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम, करताना कंबरेत चमक निघाली आणि कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरांनी तपासून फिजिओकडे पाठवलं, आणि काही आठवड्यांनी फिजिओंनी माझ्याकडे. हे शेवटचं पाठवणं त्यांना लागलं होतं. बसायच्या आधीच म्हणाले, "म्हणजे दुखणं माझ्या मनात आहे, असंच ना?"

"दुखणं कंबरेतच आहे," मी म्हटलं. "पण सात महिन्यांत ते झोपेत शिरलंय, कामात शिरलंय, घरात शिरलंय. ते सगळं बघायला मी आहे."

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तपासणी झालेली असली तरी काही प्रश्न मी प्रत्येकाला विचारतेच. लघवी अडते का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या मधला, बसण्याचा भाग बधिर वाटतो का, पायातली ताकद कमी होतेय का? यातलं काही असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, मोठी पडझड, रात्री झोपू न देणारं दुखणं, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आणि हालचालीने सुटणारा ताठरपणा असेल तरीही आधी डॉक्टर. त्यांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

बोलता बोलता माझं पेन टेबलावरून घरंगळलं. ते उचलायला पुढे झाले आणि क्षणभर थांबले. श्वास रोखला, पोट आत घेतलं, एक हात टेबलावर रोवला, उजवा पाय पुढे टाकला आणि पाठीची काठी करून सरळ खाली बसले. पेन उचललं, तसेच वर आले आणि मग श्वास सोडला.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही. दुखू नये म्हणून."

चार-पाच ग्रॅमचं पेन आणि त्यासाठी पोटापासून मांड्यांपर्यंतचा सगळा फौजफाटा! हीच पकड ते दिवसभर धरून बसत होते. शर्टाखाली कंबरपट्टा, खुर्चीच्या कडेवर बसणं, पाठ ताठ. कुणीतरी सांगितलं होतं, "पोक काढून बसलात की मणक्यांमधली गादी सरकते." मी त्यांना मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि आमचं बोलणं चालू ठेवलं. पाचेक मिनिटांत हात दुखायला लागला. ते मुठीकडे बघत राहिले. मी काही समजावून सांगितलं नाही.

मग त्यांनी फाइल काढली. एमआरआयच्या रिपोर्टात गादीची झीज आणि एल-४, एल-५ म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये फुगवटा. ओळखीच्या एकाने तो वाचून "मणक्यात गॅप आलाय" असं सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून 'गॅप' हा शब्द त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. आकड्यांत वावरणारा माणूस, म्हणून मी आकडेच पुढे ठेवले. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातली तीन हजारांहून जास्त माणसं अशी होती की त्यांची पाठ दुखतच नव्हती. त्या दुखत नसलेल्या माणसांपैकी चाळिशीतल्या ६८ टक्क्यांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली आणि ५० टक्क्यांमध्ये फुगवटा.

"म्हणजे रिपोर्ट खोटा?"

"खोटा नाही. पण दुखणं त्यात दिसत नसतं. काही त्रास नसलेल्या तुमच्या एखाद्या सहकाऱ्याचा एमआरआय काढला, तर त्यातही हेच वाक्य येण्याची बरीच शक्यता आहे."

त्यांनी रिपोर्ट परत नीट घडी घालून ठेवला. पटलं होतं असं मला वाटत नाही. असे आकडे ऐकून भीती एका बैठकीत जात नाही, आणि ती जाईल अशी अपेक्षाही मी धरत नाही.

खरं काम सुरू झालं ते त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यापासून. सात महिने त्यांनी रोजच्या दुखण्याची नोंद ठेवली होती. जास्त दुखलं तर रकाना लाल, मध्यम तर पिवळा, बरं असेल तर हिरवा. त्यांची सहा वर्षांची मुलगी तो तक्ता बघून रंग शिकली होती, असं ते कौतुकाने सांगत होते. "संध्याकाळी घरी आलो की विचारते, बाबा, आज लाल की हिरवा? हिरवा म्हटलं की पाठीवर चढते. लाल म्हटलं की..." इथे ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

तक्ता बंद करा, असं मी तेव्हा सांगितलं नाही. उलट दोन रकाने वाढवायला सांगितले. झोप किती तास झाली, आणि न उठता सलग सर्वांत जास्त वेळ किती बसलात. मागची बरीचशी माहिती त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात होती. पुढच्या वेळी ते आले तेव्हा चेहराच वेगळा होता. त्यांचा समज होता की धावलं की दुसऱ्या दिवशी लाल. तक्ता तसं सांगत नव्हता. साध्या ५ किलोमीटरच्या दिवसांनंतर बहुतेक हिरवा किंवा पिवळाच होता. लाल रकाने गोळा झाले होते ते महिनाअखेरच्या हिशेबांच्या आठवड्यापाशी. पाच तास झोप, तीन-तीन तास जागचं न हलणं, आणि मग आलेल्या रविवारी एकदम १६ किलोमीटर. त्यानंतर तीन दिवस पट्टा बांधून आडवं. जरा बरं वाटलं की बुडलेलं भरून काढायला पुन्हा दुप्पट. दर महिन्याला हेच.

"१६ किलोमीटर कशासाठी?" मी विचारलं.

"आठवडाभर नुसता बसलेलो असतो ना. लाज वाटते."

मला वाटतं, व्यायाम करणाऱ्या आणि खुर्चीत काम करणाऱ्या माणसांच्या कंबरदुखीत ही लाज फार मोठं काम करते. व्यायाम हा आनंद न राहता प्रायश्चित्त होतो. आणि प्रायश्चित्त घेणारा माणूस शरीराला झेपेल तेवढं देत नाही, मनाला पटेल तेवढं देतो. नऊ तास जागचं न हललेल्या, झोप न मिळालेल्या पाठीला एका तासात आठवड्याची वसुली द्यावी लागते. धावणं वाईट नाही, बसणंही पाप नाही. शून्यावरून शंभरावर आणि शंभरावरून परत शून्यावर, ही ये-जा महागात पडते.

खुर्चीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिची धास्ती फार पसरली आहे. बसल्यावर मणक्यांच्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे वाक्य त्यांनीही मला ऐकवलं. ते १९६० च्या दशकातल्या स्वीडनमधल्या मोजमापांतून आलेलं आहे. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत संवेदक बसवून पुन्हा मोजलं, तेव्हा सैल बसल्यावरचा दाब उभं असतानापेक्षा जास्त निघाला नाही. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण "पोक आला की गादी गेली" ही भीती बाळगण्याइतका आधार नाही, हे नक्की. मी त्यांना पाठ मागे टेकून, हवं तर थोडं घसरून बसायची मोकळीक दिली. त्यांनी लगेच करून बघितलं आणि खांदे खाली आले.

ऑफिसात दर अर्ध्या तासाला गजर लावून उठायचा प्रयत्न आधी फसला होता. हिशेब जुळत नसताना गजर कोण ऐकतो? म्हणून उठणं कामालाच बांधलं. फोन आला की उभं राहून बोलायचं. पाण्याची बाटली छोटी ठेवायची, म्हणजे ती भरायला जावंच लागतं. इतकंच.

धावण्याचं ठरलं ते असं. आठवड्यातून तीनदा ५ किलोमीटर. दुखतंय म्हणून शून्य नाही, निम्मं. आणि छान वाटतंय म्हणून सहा नाही, पाचच. त्यांना दुसरी अट जड गेली. पायात जोर असताना पाचव्या किलोमीटरला थांबायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं, म्हणाले. तीन आठवड्यांत दोनदा त्यांनी ती मोडली आणि प्रामाणिकपणे येऊन तसं सांगितलं. सहा आठवड्यांनी अर्धा-अर्धा किलोमीटर वाढवायला सुरुवात केली.

वाकण्याचा सराव फिजिओंच्या देखरेखीखाली झाला. आधी बुटाची नाडी बांधायला पाठ गोल करून वाकायचं, वाकताना श्वास सोडायचा. मग हलकी पिशवी, मग वजनाशिवाय नुसती सळई. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, दहापैकी किती दुखेल. मग करून बघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी सात लिहिलं, दुखलं तीन. दुसऱ्या दिवशी सहा लिहिलं, दुखलं दोन. पट्टा आधी घरी सुटला, मग ऑफिसात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही नेहमीच्या उपचारांत कंबरपट्टा देऊ नये असंच म्हटलं आहे. व्यायाम, दुखण्याबद्दलची नीट माहिती आणि मानसोपचार यांचा समावेश मात्र त्यात आहे. फिजिओंनी माझ्याकडे का पाठवलं, याचा राग तोवर गेला होता.

रंग सर्वांत शेवटी गेले. लाल-हिरवं काढून त्या जागी "आज काय केलं" असा रकाना आला. तिथे ते लिहायचे, तीन मजले जिना, लेकीला सायकल शिकवली, ५ किलोमीटर.

दुखणं पूर्ण गेलं नाही. चौथ्या महिन्यात, परत एका महिनाअखेरीला, कंबर पुन्हा धरली. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वेळ मागतील. "नाही मॅडम, कळवायला केला. दोन दिवस निम्मंच धावलो, झोप जरा वाढवली, चालणं बंद केलं नाही. आज बरं आहे."

मी मुलीचं विचारलं. ती अजून विचारते म्हणाले, लाल की हिरवा.

"मग काय सांगता?"

"बघितलं नाही म्हणतो. ये, चढ."