"मॅडम, आमचं नक्की कुठे चुकलं?"

मुलाला बायपोलरचं, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साह अशा मानसिक आजाराचं, निदान झालं की आईवडील माझ्याकडे येतात आणि पहिला नाहीतर दुसरा प्रश्न हाच. कोणी म्हणतं लाड जास्त झाले, कोणी म्हणतं फार ओरडलो, कोणाचा मोबाइलवर राग. इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. (केसमधले तपशील अर्थात बदललेत.)

१५ वर्षांची मुलगी. आधी कित्येक दिवस उदास, शाळा नको, कोणाशी बोलणं नको. मग एकदम उलटं, आठवडाभर रात्री दोन-तीन तास झोप तरी थकवा नाही, बोलणं थांबेना, डोक्यात दहा प्लॅन आणि कोणी अडवलं की भडका. सायकियाट्रिस्टनी निदान करून औषधं सुरू केली आणि घरच्यांसोबत काम करायला माझ्याकडे पाठवलं.

वडिलांचं म्हणणं, "एमआरआय काढू, काय बिघडलंय ते दिसेल तरी." नाही दिसत हो. संशोधनात अनेक मुलांचे स्कॅन एकत्र पाहिले तर सरासरीत फरक सापडतात, पण एका मुलीचा स्कॅन बघून बायपोलर ठरवता येत नाही. होतं काय, तर मेंदूतला भावना पेटवणारा भाग, अमिग्डाला, लवकर जोरात चालायला लागतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. या दोघांमधली जोडणी किशोरवयातच घडत असते, नको असलेले दुवे छाटले जातात, आणि बायपोलर असलेल्या मुलांमध्ये हा ताळमेळ नीट बसत नाही असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून आजार बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीत वर येतो. मुळाशी अनुवंशाचा वाटा मोठा. तरी आईवडिलांपैकी एकाला असला तर साधारण शंभरातल्या ५ ते १० मुलांनाच होतो, आणि हुबेहूब जुळ्यांतही दोघांना होईलच असं नाही.

हे सगळं ऐकून आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माहितीने अपराधीपणा जात नाही, हे मला एव्हाना माहीत झालंय.

मग एका सेशनला मुलगी म्हणाली, "आई सारखी माझ्याकडे रागाने बघते."
"अगं मी कपड्यांच्या घड्या घालत होते!"
मी आईला म्हटलं, घड्या घालताना बसता तशाच बसा.
मुलगी लगेच, "हे बघा, हाच राग."
वडील बघतच राहिले. "ही तर नुसती बसलीये."

२००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांना हेच आढळलं होतं: बायपोलर असलेल्या मुलांना कोरे, भावना नसलेले चेहरे जास्त रागीट वाटत होते आणि तेव्हा त्यांचा अमिग्डालाही जास्त पेटत होता. मी ते सांगितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे मला दिसतं ते खोटं?" म्हटलं, तुला दिसतं ते खरंच दिसतं, अर्थ लावायची घाई होते, म्हणून विचारून घ्यायचं. आणि आई रडायला लागली, "मी रागावले नाही हे हिला सांगता सांगता मी रोज रागावतेय."

या एका वाक्यासाठी मी फॅमिलीसोबत काम करते. मुलाला एकट्याला बसवून हे कधी बाहेर आलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. नियम ठरला: मुलगी विचारणार "चिडलीस का?", आई एका वाक्यात उत्तर देणार, लेक्चर नाही. भांडणं दिसण्याइतकी कमी झाली.

तर "कुठे चुकलं"चं माझं उत्तर असं की तुमच्या ओरडण्याने आजार झाला नाही, पण घरात सतत टीका आणि ताण असेल तर तो पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते, आणि ते तुमच्या हातात आहे. झोप-उठायची वेळ सुट्टीतही तीच ठेवा, झोप कमी होऊनही मूल ताजंतवानं दिसायला लागलं तर डॉक्टरांना कळवा. दर तासाला बदलणारा मूड म्हणजे बायपोलर नव्हे, मॅनिया, म्हणजे तो अतिउत्साहाचा काळ, सहसा आठवडाभर तरी टिकतो आणि मूल एरवीपेक्षा वेगळंच वागतं. उदासीसाठी डॉक्टरांकडे जाताना नात्यात कोणाला बायपोलर असेल तर ते लपवू नका, काही जणांमध्ये नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी मॅनिया सुरू होऊ शकतो. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी दाखवा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, आणि लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्ततपासणी चुकवायची नाही, उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा.