चामखीळ आणि थुजाच्या गोळ्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांवर चामखिळी होत्या. थुजाच्या होमिओपॅथिक गोळ्या सुरू केल्या आणि चार महिन्यांत सगळ्या गेल्या. याला गुण म्हणायचा नाही का?

उत्तर: हात स्वच्छ झाले, हे उत्तमच. पण गोळ्यांनीच झाले, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे उठते. शरीराच्या प्रतिकारशक्तीने विषाणू हेरला की ती आपोआप जाते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या चामखिळींवर दोन वर्षे नुसते लक्ष ठेवले होते. सुमारे दोन तृतीयांश चामखिळी उपचाराविना गेल्या. म्हणून गोळ्या न घेतलेल्या तशाच मुलांचे काय झाले, हेही पाहावे लागते.

प्रश्न: अशी तुलना कुणी केली आहे का?

उत्तर: हो. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तळपायाला चामखीळ असलेल्या १७४ जणांवर केलेली चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला थुजा, अँटिमोनियम क्रूडम आणि नायट्रिक अ‍ॅसिड ही होमिओपॅथीची औषधे सहा आठवडे दिली, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे पण औषध नसलेले. कुणाला काय मिळतेय, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. अठरा आठवड्यांनी औषधवाल्यांपैकी २० टक्के बरे झाले होते, बिनऔषधवाल्यांपैकी २४.४ टक्के.

प्रश्न: पण होमिओपॅथीत सर्वांना एकच औषध देत नाहीत. प्रकृती पाहून निवडतात. मग ही चाचणी न्याय्य कशी?

उत्तर: आक्षेप रास्त आहे, आणि त्याचीही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रियात हातावर चामखिळी असलेल्या ६० मुलांवरची चाचणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथे प्रत्येक मुलासाठी औषध वेगळे निवडले होते. चामखिळींचे क्षेत्र निम्म्याने तरी घटले, अशी मुले औषधाच्या गटात ३० पैकी ९ आणि दुसऱ्या गटात ३० पैकी ७ निघाली. पूर्ण बरी झालेली मात्र ५ विरुद्ध १. होमिओपॅथीच्या बाजूचे लोक हाच आकडा पुढे करतील. पण इतक्या लहान गटांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तो खरा असेल, तर मोठ्या चाचणीत पुन्हा दिसला पाहिजे. तोवर त्याच्या भरवशावर मुलांना महिनोन्‌महिने गोळ्या देणे मला पटत नाही.

प्रश्न: घरीच करून पाहू का? एका हातावर उपचार, दुसरा तसाच?

उत्तर: पोटात घेतलेली गोळी एकाच हातापुरती राहत नाही, त्यामुळे तुलनाच उरत नाही. शिवाय प्रतिकारशक्ती जागी झाली की बरेचदा दोन्ही हातांच्या चामखिळी एकदमच ओसरतात.

प्रश्न: मग करायचे काय?

उत्तर: दुखत नसेल तर थांबलात तरी चालते. घालवायचीच असेल तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे औषध चाचण्यांत टिकले आहे. जागा कोमट पाण्यात भिजवा, मऊ झालेली कातडी हलकेच घासा आणि औषध फक्त चामखिळीवर लावा. बारा आठवड्यांपर्यंत चिकाटी लागते. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर ते लावू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला काहीच लावू नका. बिब्बा आणि चुना तर नकोच, त्यांनी भाजल्यासारख्या जखमा होतात. चामखिळीतून रक्त येत असेल, ती झपाट्याने वाढत असेल किंवा रंग बदलत असेल, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.