जळगाव-धुळ्याकडे शाळेच्या कबड्डी मॅचचे फोटो काढून पालकांना प्रिंट विकता येतील का?

विकता येतील ना भो, पण आधी आयोजक आणि क्रीडाशिक्षकांची परवानगी घे, परक्या माणसाने पोरांचे, त्यातही पोरींचे फोटो काढले की लोक विचारणारच आणि बरोबरच आहे त्यांचं. कबड्डीत बचाव करणाऱ्या टीमच्या मागे, ग्राउंडच्या एका टोकाला खाली बसून घे, म्हणजे रेडरचा चेहरा थेट तुझ्याकडे येतो, आणि हाफटाइमला टीम बाजू बदलतात त्यामुळे जागा न हलता दोन्ही शाळांची पोरं मिळतात. शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास ठेव, उजेड कमी असला तर आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते सेटिंग) वाढव, फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील पण हललेला फोटो कोणी घेत नाही. उन्हाळी शिबिर असेल तर सकाळीच उरक, आपल्याकडे मे महिन्यात दहानंतर ऊन असं डोक्यावर येतं की डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या सावल्या.

प्रिंट ४×६ आणि ८×१२ इंचच ठेव, बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या फ्रेमचं प्रमाण तेच आहे, ८×१० मध्ये हमखास कोणाचा तरी हात कापला जातो. नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर छोटे करून, मधोमध वॉटरमार्क (फोटोवर तुझं पुसट नाव) टाकून आणि ज्याच्या पोराचा फोटो त्यालाच पाठव, ग्रुपवर नको, आणि पैसे आधी यूपीआयने घे, नंतर देतो म्हणणारे फोन उचलत नाहीत. खरी विक्री होते ती ट्रॉफीसोबतच्या टीम फोटोची, तो मॅच संपल्या संपल्या काढ, पोरं जेवायला पांगली की परत गोळा होत नाहीत.